खिरीनंतर अंगावर गांधी उठल्या, आता बाळाला खायला काय देऊ?

डॉक्टर, नमस्कार.

माझा मुलगा साडेसात महिन्यांचा आहे, अंगावर पितो. सहाव्या महिन्यात उष्टावण झालं तेव्हा मामाने खीर बोटाने चाटवली, काही झालं नाही. पुढे वरणभात-तूप, नाचणीचं सत्त्व, पाण्यातली रव्याची लापशी असं सगळं तो आवडीने खायचा. तीन आठवड्यांपूर्वी सासूबाईंनी गायीच्या दुधात रव्याची खीर केली, वरून बदामाची पूड घातली. अर्धी वाटी खाल्ली असेल. दहा-पंधरा मिनिटांत तोंडाभोवती लाल झालं, मग पोटावर आणि मांड्यांवर गांधी उठल्या, एक डोळा सुजला आणि भरपूर उलटी झाली. दीड तासात सगळं उतरलं, म्हणून दवाखान्यात नेलं नाही.

सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली, शेजारच्या काकू म्हणाल्या दात येतायत, नणंद म्हणते शेळीचं दूध चालेल. मी घाबरून दूध, गहू, बदाम बंद केले. अंडं, शेंगदाणे, मासे द्यायला सुरुवातच केली नव्हती, तीही करणार नाही असं ठरवलं. डाळही भीतीने सोडली. सध्या भाताची पेज आणि सफरचंद एवढंच देते. मीही दूध-दही सोडलंय. गेल्या महिन्यात त्याचं वजन वाढलेलं नाही. तिसऱ्या महिन्यापासून त्याच्या गालांवर आणि कोपरांच्या घडीत खरखरीत लाल चट्टे आहेत. अंघोळीला डाळीचं पीठ आणि साय लावतो, गुटी रोज देतो, त्यात बदामाचे दोन वळसे असतात. एका लॅबवाल्याने दोनशे पदार्थांची रक्ततपासणी सुचवली आहे. संक्रांत तोंडावर आली आहे, घरात बोरन्हाणाची तयारी चालू आहे. शिवाय 'तू गरोदरपणी शेंगदाण्याचे लाडू खाल्लेस म्हणून हे झालं' हेही ऐकून घेतलं. काय करू?

एक आई, कराड तालुका

———

ताई,

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. तुमच्या लाडवांमुळे हे झालेलं नाही. गरोदरपणात आईने अमुक पदार्थ टाळले म्हणून बाळाची ॲलर्जी टळते, असा पुरावा नाही. हे ज्यांनी तुम्हाला ऐकवलं त्यांना माझं नाव सांगून वाचून दाखवा.

आता बाळाकडे येऊ. तुम्ही वेळ नोंदवून ठेवलीत, ते फार उपयोगाचं आहे. खाल्ल्यानंतर काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत गांधी, डोळ्या-ओठांवर सूज, उलटी असं एकापाठोपाठ येणं ही झटपट होणाऱ्या ॲलर्जीची ओळख आहे. दात येताना लाळ गळते, हनुवटी लाल होते, पण पोटावर आणि मांड्यांवर गांधी उठत नाहीत. टोमॅटो किंवा संत्र्याने तोंडाभोवतीची कातडी जिथे रस लागला तिथेच लाल होते आणि धुतल्यावर थोड्या वेळात निवते, तेही वेगळं. तापासोबत दोन-तीन दिवस येत-जात राहणारं अंगावरचं पित्त बहुतेकदा विषाणूचं असतं. तुमच्या बाळाला यातलं काही झालं नव्हतं. दृष्ट काढल्यावर उतरलं असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण अशा गांधी काही तासांत आपोआपच ओसरतात. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या याला माझा विरोध नाही. फक्त पुढच्या वेळी आधी दवाखाना.

मग दोषी कोण? त्या वाटीत रवा, दूध आणि बदाम असे तिघे होते. रवा पाण्यातल्या लापशीतून आधी पोटात गेला होता आणि काही झालं नव्हतं, म्हणून तो बहुतेक सुटला. बदाम गुटीतून रोज जात होता, पण दोन वळसे म्हणजे अगदी अंशमात्र, तेव्हा त्याच्यावर थोडा संशय ठेवू. मोठा संशय दुधावर आहे. उष्टावणाला चाललं आणि आता का नाही, असा प्रश्न तुमच्या मनात असेलच. एक तर तेव्हा बोटभर होतं, आता अर्धी वाटी. दुसरं म्हणजे शरीर एखाद्या पदार्थाला आधी ओळखून त्याच्याविरुद्ध तयार होतं आणि मग पुढच्या एखाद्या वेळी उसळतं. पहिल्यांदा काही झालं नाही यावरून ॲलर्जी नाही असं म्हणता येत नाही. तुपाचंही तेच. तुपात दुधाचं प्रथिन फार थोडं उरतं, म्हणून तूप पचलं तरी दूध निर्दोष ठरत नाही.

तर दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ, आणि बदाम, हे दोन थांबवा. बाकी काही थांबवू नका. तुमच्या पत्रातल्या गांधींपेक्षा पेज आणि सफरचंदाने मला जास्त काळजी वाटली. पेजेत बहुतांश पाणीच. सहा महिन्यांनंतर बाळाने जन्मतः सोबत आणलेला लोहाचा साठा संपत येतो आणि आईच्या दुधातून तेवढं लोह मिळत नाही. वजन थांबलंय ते ॲलर्जीमुळे नव्हे, भुकेमुळे असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आज संध्याकाळपासूनच घट्ट मूगडाळीचं वरण आणि मऊ भात सुरू करा, तुपाऐवजी तूर्त चमचाभर तेल घाला. नाचणी, रव्याची लापशी, लाल भोपळा, रताळं, कुस्करलेलं केळं, जे जे तो आधी खात होता ते सगळं परत आणा. दिवसातून दोन-तीन वेळा खाणं, आणि तुमचं दूध मागेल तेव्हा. लोहाच्या थेंबांबद्दल डॉक्टरांना विचाराच.

तुम्ही स्वतः दूध-दही सोडण्याचं कारण नाही. खीर खाण्याआधी जवळपास सात महिने तुम्ही चहा, ताक, पनीर सगळं खात होतात आणि तो अंगावर पिऊन ठीक होता ना? मग त्याला तुमच्या दुधातून त्रास होत नाही. दूध पाजणाऱ्या आईने उगाच पथ्य केलं तर तिच्याच हाडांवर येतं.

नणंदेचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक सगळ्या मुलांना शेळीच्या दुधाचीही ॲलर्जी निघते, कारण दोन्हींतली प्रथिनं जवळपास सारखी असतात. म्हशीचंही तसंच. देशी गायीचं 'ए-टू' दूध म्हणून जे महाग विकलं जातं, त्यात एका प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा वेगळा असतो, बाकी सगळं तेच. ॲलर्जीच्या बाळाला ते सुरक्षित नाही. दूध उकळून, पातळ करून, हळद घालूनही उपयोग नाही. बदामाचं किंवा नारळाचं दूध हे बाळाचं मुख्य दूध होऊ शकत नाही. तुमचं दूध आहे, त्यामुळे त्याला वर्षाच्या आत दुसऱ्या कुठल्या दुधाची गरज नाही. अंगावर न पिणाऱ्या बाळांसाठी प्रथिनं बारीक तोडलेली खास पावडर मिळते, ती डॉक्टरच लिहून देतात. आणि हे 'दूध न पचण्या'पेक्षा निराळं आहे. जुलाबांनंतर काही दिवस दुधातली साखर पचत नाही, पोट फुगतं, आंबूस जुलाब होतात. त्यात गांधी उठत नाहीत आणि जिवाला धोका नसतो.

दूध कुठे कुठे लपलेलं असतं ते घरात सगळ्यांना सांगा. बाळांसाठीच्या डब्यातल्या तयार खाण्यात बहुतेकदा दुधाची पावडर असते. बिस्किटं, पाव, खरवस, पेढा तर आहेतच. पाकिटावर दुधाचा उल्लेख करणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे, तो शोधा. व्हे, केसीन, मिल्क सॉलिड्स हे सगळं दूधच. पण मला खरी भीती पाकिटांची नाही, प्रेमळ हातांची आहे. देवळात कुणीतरी पंचामृताचं बोट चाटवतं, कुणी पेढ्याचा कण जिभेवर ठेवतं, आणि आपण 'राहू दे, एवढ्याने काय होतं' म्हणून गप्प बसतो. या बाळाच्या बाबतीत गप्प बसायचं नाही. शिवाय पंचामृतात मध असतो, आणि मध तर कुठल्याच बाळाला वर्षाच्या आत द्यायचा नाही, कारण त्यातून क्वचित बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होतो.

आता गालांवरच्या आणि कोपरांतल्या चट्ट्यांकडे वळते, कारण माझ्या मते या सगळ्या गोष्टीची सुरुवात तिथे आहे. तुमच्या वर्णनावरून तो एक्झिमा, म्हणजे इसब, वाटतो. निरोगी कातडी बाहेरच्या गोष्टी आत शिरू देत नाही. एक्झिम्याची कातडी चिरलेली असते. तिच्यातून अन्नाचे कण आत गेले की शरीर त्यांना शत्रू समजायला शिकतं. तेच अन्न पोटातून गेलं तर बहुधा ते त्याला आपलं मानायला शिकतं. गिडियन लॅक या लंडनच्या बालरोगतज्ज्ञांनी हा विचार मांडला आणि पुढच्या अभ्यासांतून त्याला बळ मिळत गेलं. त्यांच्या चमूच्या २००३ सालच्या अभ्यासात, ज्या बाळांच्या पुरळावर शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं लावली होती त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त दिसली होती. म्हणून चिरलेल्या कातडीवर साय, डाळीचं पीठ, बदामतेल, शेंगदाण्याचं तेल यातलं काहीही चोळू नका. तुमच्या बाळाला साय त्या चट्ट्यांवर रोज लागत होती. सासूबाईंनी ते मायेने केलं, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात, त्यांना दोष देऊ नका. आता कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, सौम्य साबण, अंग टिपून लगेच भरपूर साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर, दिवसातून दोनदा तरी. डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं तर घाबरून अर्धवट लावू नका, सांगितलेले दिवस पुरते लावा. गुटीही थांबवा. इतक्या गोष्टी एकत्र उगाळून दिल्या की काय बाधलं ते कुणालाच सांगता येत नाही.

घरातल्या प्रत्येकाला पुढचा परिच्छेद वाचायला द्या. बाळाला खोकला सुटला, श्वासाला घरघर लागली, रडण्याचा आवाज घोगरा झाला, जीभ सुजली, उलट्यांवर उलट्या झाल्या, बाळ पांढरंफटक पडलं, अंग टाकलं किंवा रडता रडता अचानक पेंगुळलं, तर वाट पाहायची नाही. बाळाला बोलता येत नाही, म्हणून खाल्ल्यावर एकाएकी बिथरून रडणं, कान-डोळे चोळणं, आईला घट्ट बिलगणं या सुरुवातीच्या खुणांकडेही लक्ष ठेवा. अशा वेळी लागणारं औषध एकच, ॲड्रेनॅलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत टोचतात, मात्रा वजनानुसार. ॲलर्जीचं सिरप किंवा थेंब खाज कमी करतात, श्वास वाचवत नाहीत. १०८ ला फोन करा किंवा जे वाहन लवकर मिळेल त्याने निघा. बाळाला आडवं धरा, खांद्यावर उभं धरू नका. उलटी होत असेल तर कुशीवर. मिठाचं पाणी पाजून आणखी उलटी काढायला जाऊ नका. दवाखान्यात पोचताच 'दूध खाल्लं होतं, ॲलर्जी आहे, ॲड्रेनॅलिन लागेल का' हे स्पष्ट विचारा, संकोच करू नका. बरं वाटल्यावरही काही तास तिथेच थांबा, कारण लक्षणं परत उसळू शकतात. परदेशात मिळणारी टोचायची तयार पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. म्हणून आपल्या गावापासून चोवीस तास उघडा असलेला दवाखाना कोणता, ते आजच पाहून ठेवा. मागच्या वेळी गांधी, डोळ्यावर सूज आणि उलटी हे सगळं एकत्र आलं होतं. तेव्हाच न्यायला हवं होतं, ही टीका नव्हे. आता माहीत झालं, एवढंच.

दोनशे पदार्थांच्या तपासणीवर एक रुपयाही घालवू नका. असल्या पाकिटातल्या बऱ्याच तपासण्या आयजीजी नावाचे घटक मोजतात, आणि ते फक्त बाळाने काय खाल्लंय एवढंच सांगतात, ॲलर्जी नव्हे. खऱ्या ॲलर्जीशी संबंध असलेले आयजीई मोजले तरी घाऊक मोजण्यात अर्थ नाही. पदार्थ व्यवस्थित पचत असूनही अहवालात 'पॉझिटिव्ह' येऊ शकतो, आणि मग आई घाबरून ताटातलं एकेक काढत जाते. तुम्ही अहवालाशिवायच ते केलंत, अहवाल हातात आला तर पेजही राहणार नाही. संशय दुधावर आणि बदामावर आहे, तेवढ्यांचीच तपासणी करायची. कातडीवर थेंब ठेवून टोचण्याची चाचणी या वयातही करता येते. तिच्या आधी काही दिवस ॲलर्जीचं औषध थांबवावं लागतं, ते डॉक्टरांना विचारा. तरीही शंका राहिली तर रुग्णालयात डॉक्टरांसमोर थोडं थोडं खायला देऊन पाहतात, तीच सगळ्यात खात्रीची परीक्षा. घरी 'एक चमचा देऊन बघू' असं मात्र कुणी करायचं नाही.

डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना सोबत न्या. घरात रोज तुम्ही एकट्याने लढण्यापेक्षा त्यांनी स्वतः ऐकलेलं बरं. बाळाचं खाणं त्यांच्या हातात आहे, त्या सोबत असल्या की निम्मं काम झालं. कालनिर्णयच्या चौकटीत रोज नवं काय दिलं आणि किती वाजता, एवढं लिहीत जा. पुन्हा कधी पुरळ उठलं तर लगेच फोटो काढा, दवाखान्यात पोचेपर्यंत ते मावळलेलं असतं.

शेंगदाणा आणि अंडं तुम्ही लांबणीवर टाकलंत, ते मला पटत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच २००० साली सांगितलं होतं की धोका जास्त असलेल्या मुलांना शेंगदाणा तिसऱ्या वर्षापर्यंत देऊ नका. २००८ मध्ये त्यांनी तो सल्ला मागे घेतला. मग २०१५ मध्ये लॅक यांच्या चमूचा अभ्यास आला. तुमच्या बाळासारखी, पण तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं त्यात होती. ज्यांना शेंगदाणा पूर्ण वर्ज्य ठेवला त्यांच्यापैकी पाचव्या वर्षी शंभरात सुमारे १७ जणांना ॲलर्जी होती, आणि ज्यांना पहिल्या वर्षातच सुरू करून नियमित दिला त्यांच्यात सुमारे ३ जणांना. आपल्याकडे 'वर्षाच्या आत दाणा नको' असं अजूनही सांगतात. त्यातला खरा भाग एवढाच की अख्खा दाणा किंवा जाडाभरडा कूट घशात अडकतो, तो पाच वर्षांपर्यंत नकोच.

तुमच्या बाळाला एक्झिमाही आहे आणि एक ॲलर्जी झालेली आहे, तेव्हा शेंगदाणा आणि अंडं डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे सुरू करा. पण विचारायला महिने लावू नका. त्यांनी होकार दिला की भाजलेल्या दाण्यांचा अगदी मऊ, पिठासारखा कूट कोमट पाण्यात पातळ कालवून पाव चमच्यापासून सुरुवात करा. सकाळी द्या, बाळ ठणठणीत असेल त्या दिवशी, लस टोचलेल्या दिवशी नको. नंतर दोन तास कुणीतरी नजर ठेवायची. एका वेळी एकच नवा पदार्थ. आणि एकदा चालला की आठवड्यातून दोन-तीनदा चालूच ठेवायचा, मध्येच सोडायचा नाही. अंडं पूर्ण उकडलेलं, घरात खात असाल तर. नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस या कशामुळेही पुढे ढकलू नका, अंड्याची ॲलर्जी निघाली तरी ती देता येते.

हे वाचणाऱ्या इतर आयांसाठी थोडं. ॲलर्जी दर वेळी गांधी घेऊनच येते असं नाही. काही बाळांना दुधामुळे शौचात शेंब आणि रक्ताचे धागे दिसतात, ते दिवसांमागून दिवस हळूहळू होतं. काहींना एखादा पदार्थ खाल्ल्यावर एक ते चार तासांनी उलट्यांमागून उलट्या होतात, बाळ निस्तेज आणि लुळं पडतं, अंगावर मात्र काहीच नाही. दूध, सोया आणि भातानेसुद्धा हे होऊ शकतं. पहिल्यांदा सगळ्यांना ती अन्नातून विषबाधा वाटते. एकाच पदार्थानंतर दोनदा असं झालं तर डॉक्टरांना वेळेसकट सांगा. अशा बाळाला सलाईन लागू शकतं, आणि कातडीच्या चाचणीत हे सहसा दिसत नाही.

बोरन्हाण जरूर करा. बोरं, शेंगा, उसाचे करवे हे बाळाच्या हाताला आणि मग तोंडाला लागतात, आणि दाणा किंवा बोराची बी श्वासनलिकेत जाणं हा ॲलर्जीइतकाच मोठा धोका आहे. शिवाय दाणा आणि तीळ त्याने अजून चाखलेले नाहीत, त्यांची पहिली भेट त्या गडबडीत नको. डोक्यावरून फुलांच्या पाकळ्या आणि मूठभर चुरमुरे पुरेत. हलव्याचे दागिने फोटोपुरते घाला आणि लगेच काढा, नाहीतर तो ते चोखत बसेल. जमलेल्या मुलांना शेंगा-बोरं वेगळ्या खोलीत वाटा. आलेल्या पाहुण्यांना दारातच सांगायचं काम बाळाच्या बाबांकडे द्या: याला कुणी काही भरवायचं नाही, तिळगूळसुद्धा नाही.

दुधाची ॲलर्जी निघालीच तर ती जन्माची असण्याची शक्यता कमी आहे. बहुतेक मुलं शाळेत जायच्या सुमाराला त्यातून बाहेर पडतात. शेंगदाणा आणि मासे यांच्या ॲलर्जीचं तसं नसतं, त्या बऱ्याचदा टिकतात. दर सहा महिने-वर्षाने डॉक्टर पुन्हा तपासतील, आणि योग्य वेळी खूप भाजलेल्या पदार्थातून, म्हणजे बिस्किटासारख्या, थोडं थोडं दूध परत आणायला सुरुवात करतील. तोवर बाळाच्या फायलीच्या पहिल्या पानावर आणि पुढे पाळणाघराच्या नोंदीत 'दुधाची ॲलर्जी, तपासणी चालू' असं ठळक लिहून ठेवा. या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि वजनाचं कार्ड सोबत न्या. दोन आठवडे पोटभर खाल्ल्यावरही काटा हलला नाही, तर त्याचं कारण वेगळं शोधावं लागेल. तेव्हा मला पुन्हा लिहा.